कीबोर्डवर सा रे ग म : ब्राउझरमध्ये तुमची पहिली रचना

ज्या कीबोर्डवर तुम्ही रोज टाइप करता, त्याच्या मधल्या ओळीवर एक अख्खं सप्तक बसतं. ब्राउझरमध्ये योग्य पान (कुठलं, ते पुढे ‘कुठे वाजवायचं’मध्ये आहे) उघडलं की ‘ए’पासून ‘के’पर्यंतच्या आठ कळा सा ते वरचा सा असे आठ स्वर देतात. काही विकत घ्यावं लागत नाही, काही डाउनलोड करून बसवावं लागत नाही. २०११पासून ब्राउझरांमध्ये येऊ लागलेलं ‘वेब ऑडिओ’ हे तंत्र आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांमध्ये आहे. तुम्ही कळ दाबली की तो स्वर तुमच्याच संगणकावर, त्याच क्षणी तयार होतो.

या लेखात आपण अगदी पहिल्या कळेपासून चार बारांच्या, म्हणजे चार आवर्तनांच्या, छोट्या रचनेपर्यंत जाणार आहोत: ठेका, बेस म्हणजे खालच्या सप्तकातला आधाराचा स्वर, कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन स्वर, आणि वर एक धून. एका गोष्टीचा मात्र माझा आग्रह आहे. आधी हाताने वाजवा, माउसने दुरुस्ती मागाहून करा. पडद्यावरच्या चौकोनांवर क्लिक करत गेलं तरी गाणं तयार होतं, पण त्यातून बोटांना काही कळत नाही आणि लय अंगात उतरत नाही. कीबोर्ड कितीही साधा असला तरी तो वाजवता येतो, हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे.

वाजवण्याआधी

पहिलं काम हेडफोनचं. वायरचा हेडफोन लावा, नाहीतर लॅपटॉपचेच स्पीकर वापरा. ब्लूटूथवर गाणी ऐकायला काही अडचण येत नाही, वाजवताना मात्र ते नडतं. ब्लूटूथमुळे आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा उशीर किती मोठा आहे ते मोजून बघा: ९० बीपीएमच्या लयीत, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा असताना, एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची होते आणि तिचा चौथा भाग १६७ मिलिसेकंदांचा. म्हणजे ब्लूटूथवर तुमचा स्वर जवळजवळ पाव मात्रा मागे पडतो. त्याची भरपाई करायला बोटं नकळत पुढे पळू लागतात आणि सगळी लय बिघडते. अशा वेळी नवशिक्याला वाटतं की आपल्याला तालच नाही. तुमची काही चूक नसते, आवाज उशिरा येत असतो.

उशीर आहे की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. एक कान मोकळा ठेवून कळ जरा खटकन दाबा. कळेचा खट आणि हेडफोनमधला स्वर एकच आघात वाटला तर काम झालं. दोन वेगळे आवाज ऐकू आले तर आधी हेडफोन बदला, नको असलेले टॅब बंद करा, लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडवर असेल तर तो काढा. ब्राउझर स्वतः आवाज १२८ नमुन्यांच्या (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या) तुकड्यांत तयार करतो आणि असा एक तुकडा ३ मिलिसेकंदांपेक्षाही लहान असतो. तेव्हा बहुतेक वेळा खोट ब्राउझरमध्ये नसते, आवाज कानापर्यंत पोचण्याच्या पुढच्या वाटेत असते.

दुसरं काम भाषेचं, आणि मराठीत टाइप करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवायला हवं. कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असेल तर ‘ए’ची कळ ओकाराची मात्रा पाठवते, ‘एस’ची कळ एकाराची मात्रा आणि ‘जे’ची कळ ‘र’. काही साइट कळेची जागा ओळखतात, त्यांना याने फरक पडत नाही. काही साइट मात्र त्या कळेतून उमटणारं अक्षर ओळखतात, आणि त्यांना ओकार म्हणजे कुठला स्वर हे ठाऊक नसतं, म्हणून त्या गप्प राहतात. इंग्रजी अक्षरांचं मराठी करून देणारी टायपिंगची सोय चालू असेल तर तीही कळा मध्येच अडवते. वाजवायला बसताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि कॅप्स लॉक बंद ठेवा.

पान उघडल्यावर त्यावर एकदा क्लिक करा. आपणहून आवाज सुरू करणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला ब्राउझरांनी नियम केला आहे की माणसाने पानाला हात लावल्याशिवाय आवाज निघणार नाही. क्रोमने २०१८मध्ये तो वेब ऑडिओलाही लावला. कळा दाबूनही शांतता असेल तर बऱ्याचदा हे एक क्लिक राहिलेलं असतं. नाहीतर कर्सर एखाद्या नाव लिहायच्या चौकटीत अडकलेला असतो आणि तुमचे स्वर तिथे अक्षरं होऊन उमटत असतात.

कुठली कळ, कुठला स्वर

सगळ्यात जास्त चालणारी मांडणी अशी आहे. मधली ओळ म्हणजे पांढऱ्या पट्ट्या: ‘ए’ सा, ‘एस’ रे, ‘डी’ ग, ‘एफ’ म, ‘जी’ प, ‘एच’ ध, ‘जे’ नि, ‘के’ तार सा. वरची ओळ म्हणजे काळ्या पट्ट्या: ‘डब्ल्यू’ कोमल रे, ‘ई’ कोमल ग, ‘टी’ तीव्र म, ‘वाय’ कोमल ध, ‘यू’ कोमल नि. ‘के’च्या पुढे ‘ओ’, ‘एल’, ‘पी’ आणि अर्धविरामाची कळ तार सप्तकातल्या गंधारापर्यंत नेतात.

आता वरची ओळ नीट बघा. ‘ई’ आणि ‘टी’च्या मधली ‘आर’ची कळ मुकी आहे, तशीच ‘यू’ आणि ‘ओ’च्या मधली ‘आय’चीही. ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नसते, नि आणि सा यांच्यामध्येही नसते, म्हणून त्या कळांना काही काम नाही. टाइपरायटरच्या काळापासून कीबोर्डच्या ओळी एकमेकींपासून जरा सरकवलेल्या असतात. त्यामुळे वरच्या ओळीतली कळ खालच्या दोन कळांच्या मध्ये येते, आणि काळी पट्टीही दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्येच असते. ही मांडणी हाताला लवकर सरावते ती यामुळेच.

सप्तक बदलायला बहुतेक ठिकाणी ‘झेड’ खाली नेतं आणि ‘एक्स’ वर. साधारणपणे ‘ए’वर मधला पांढरी एकचा (पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सा असतो आणि ‘एच’वर त्याचा ध, म्हणजे ४४० हर्ट्झ, ज्याच्याशी जगभर वाद्यं जुळवली जातात. तुमचा गळा काळी एकचा असेल तर बोटं तिथेच ठेवा आणि सेटिंगमध्ये ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायची सोय) अधिक १ करा. काळी दोनसाठी अधिक ३, पांढरी पाचसाठी अधिक ७. खालच्या सप्तकातली काळी पाच हवी असेल तर उणे २.

पाश्चात्त्य स्वरांची इंग्रजी नावं मी इथे मुद्दाम टाळतो आहे. त्या पद्धतीत ज्या स्वराला ‘सी’ म्हणतात तो ‘ए’च्या कळेवर आहे, आणि ज्याला ‘ए’ म्हणतात तो ‘एच’च्या कळेवर. नवशिक्याचा निम्मा गोंधळ इथेच होतो. सा रे ग म ने विचार केला तर तो प्रश्नच येत नाही.

आणखी दोन मांडण्या तुम्हाला भेटतील. एकीत ‘झेड’पासून ‘एम’पर्यंत खालचं सप्तक असतं आणि ‘क्यू’पासून ‘यू’पर्यंत वरचं, काळ्या पट्ट्या त्यांच्या वरच्या ओळींत. १९८७च्या सुमारास अमिगा संगणकावर आलेल्या ‘ट्रॅकर’ प्रकारच्या प्रोग्रामांमुळे ती रुळली. दोन्ही हातांना वेगळं सप्तक मिळतं म्हणून थोडा हात बसल्यावर ती वापरून बघा. दुसरीत आकडे आणि अक्षरं मिळून ३६ कळांवर पाच सप्तकांच्या पांढऱ्या पट्ट्या पसरलेल्या असतात आणि काळ्या पट्टीसाठी शिफ्ट दाबावं लागतं. तिचा आवाका मोठा आहे, पण शिफ्ट धरल्यावर सगळीच अक्षरं बदलतात, त्यामुळे काळी आणि पांढरी पट्टी एकत्र वाजवणं अवघड जातं. सुरुवातीला ही मांडणी घेऊ नका.

बोटं बसवा

टाइप करताना उजव्या हाताची तर्जनी ‘जे’वर असते. ती दोन कळा डावीकडे आणून ‘जी’वर ठेवा. आता डाव्या हाताची चार बोटं करंगळीपासून ‘ए, एस, डी, एफ’वर आणि उजव्या हाताची चार बोटं तर्जनीपासून ‘जी, एच, जे, के’वर आली. आठ बोटं, आठ स्वर, एकही बोट हलवायची गरज नाही. ‘एफ’ आणि ‘जे’वर जे छोटे उंचवटे असतात ते म आणि नि दाखवतात, त्यामुळे खाली न बघताही हात जागेवर येतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारी सोय, ६०वर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक स्वर, आरोह आणि अवरोह. बिनचूक येऊ लागलं की पलटे घ्या: सा रे ग, रे ग म, ग म प. डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे जाताना, म्हणजे म वरून प वर, जरा धक्का बसतो. तिथेच जास्त वेळ द्या. कळ नुसती टिचकी मारून सोडू नका. पुढचा स्वर येईपर्यंत धरून ठेवा आणि मग सोडा. टाइप करायची सवय बोटांना झटकन उचलायला लावते, आणि त्यामुळे धून तुटक वाटते.

मग भूप राग घ्या. ‘ए, एस, डी, जी, एच’, आणि वर ‘के’. म आणि नि नाहीत, म्हणजे ‘एफ’ आणि ‘जे’ या उंचवट्यांच्या दोन कळा वगळायच्या. या पाच स्वरांत कुठूनही कुठेही गेलात तरी सहसा कानाला खुपत नाही. म्हणून पहिल्यांदा स्वतःचं काही सुचवून बघायला ही उत्तम जागा आहे.

तालमीच्या कानाने ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. इथे प्रत्येक स्वर आधीच ठरलेल्या जागी आहे, सप्तकाचे बारा समान भाग केलेले आहेत. तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा इथला गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, एका अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तर या कळांवर येतच नाही. गळ्याचा रियाज यावर करू नये असं माझं ठाम मत आहे. चाल बांधायला, कॉर्ड शोधायला आणि लय पक्की करायला मात्र ही सोय फार कामाची आहे.

तीन कळा एकदम दाबल्यावर

कॉर्डसाठी तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात, आणि इथे कीबोर्डची एक मर्यादा आडवी येते. स्वस्त आणि मध्यम कीबोर्डच्या पोटात तारांची आडवी-उभी जाळी असते आणि प्रत्येक कळ एका छेदावर बसलेली असते. दाबलेल्या तीन कळा या जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे असल्या, की चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबल्यासारखी वाटते. असा खोटा इशारा जाऊ नये म्हणून कीबोर्ड तिसरी कळच नाकारतो. साइटला मग दोनच कळा दिसतात आणि कॉर्डमधला एक स्वर गायब होतो.

कुठल्या जोड्या अडतात हे प्रत्येक कीबोर्डनुसार बदलतं, म्हणून स्वतः तपासा. लिहायचं एखादं साधं पान उघडा आणि ‘ए’, ‘डी’, ‘जी’ एकदम दाबा. तिन्ही अक्षरं उमटली तर तो कॉर्ड वाजेल. एक अक्षर आलंच नाही तर त्या कॉर्डचे स्वर वेगळ्या क्रमाने घ्या, किंवा दोन स्वर आधी रेकॉर्ड करून तिसरा वरून भरा.

आपल्याला चार कॉर्ड लागणार आहेत, आणि ते असे निवडले आहेत की हात जागेवरून फारसा हलू नये:

सा-ग-प : ‘ए, डी, जी’
सा-ग-ध : ‘ए, डी, एच’
सा-म-ध : ‘ए, एफ, एच’
रे-प-नि : ‘एस, जी, जे’

पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना फक्त प चा ध होतो. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना फक्त ग चा म. शेवटच्या वेळीच तिन्ही बोटं बदलतात. हे बदल मेट्रोनोम न लावता, अगदी सावकाश, ऐकत करा. एकच स्वर बदलल्यावर सगळ्या कॉर्डचा रंग कसा पालटतो, ते कानांत साठवून ठेवण्यासारखं आहे.

कुठे वाजवायचं

नुसतं वाजवून बघायचं असेल तर गुगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधला ‘शेअर्ड पियानो’ पुरेसा आहे. खातं उघडावं लागत नाही, आणि लिंक पाठवली की दहा जणांपर्यंत लोक एकाच पियानोवर येऊ शकतात. ठेका आणि कॉर्ड मुळात कसे बनतात हे शिकायला एबलटन कंपनीची ‘लर्निंग म्युझिक’ ही मोफत साइट फार नेटकी आहे. आवाज आतून कसा घडतो ते समजून घ्यायला त्यांचीच ‘लर्निंग सिंथ्स’ बघा.

रेकॉर्ड करून रचना उभी करायची तर अनेक ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्यासाठी वेगळा थर, असलेला स्टुडिओ हवा. बँडलॅब आणि साउंडट्रॅप दोन्ही ब्राउझरमध्येच चालतात, दोन्हींत कीबोर्डच्या कळांनी वाजवता येतं आणि खातं उघडलं की काम जतन होतं. कुठलाही एक घ्या आणि पहिली रचना पूर्ण होईपर्यंत तो बदलू नका. आवाजांच्या याद्या चाळण्यात संध्याकाळ निघून जाते आणि हाती काहीच लागत नाही.

चार बारांची रचना

टेम्पो ९० ठेवा. बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. असे चार बार लूपवर लावा, म्हणजे साधारण पावणेअकरा सेकंदांचा तुकडा फिरत राहील. मेट्रोनोम चालू करा आणि रेकॉर्डिंगआधी एक बार मोजून मिळेल अशी सोय असेल तर तीही चालू करा.

सुरुवात ठेक्याने करा. ड्रमचा ट्रॅक घ्या. बऱ्याच ड्रमसंचांची मांडणी १९९१मध्ये ठरलेल्या ‘जनरल मिडी’ प्रमाणानुसार असते. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांना स्वर कळवायची पद्धत. ‘झेड’ दोनदा दाबून दोन सप्तकं खाली आलात की ‘ए’वर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ‘एस’वर स्नेअर (खणखणीत छोटा ड्रम), ‘ई’वर टाळी, ‘टी’वर बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि ‘यू’वर उघडी हाय-हॅट सापडते. एखाद्या संचात मांडणी वेगळी असेल तर एकेक कळ दाबून बघा, दोन मिनिटांत कळतं. पहिल्या फेरीत फक्त किक आणि स्नेअर: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर. पुढच्या फेरीत त्यावर हाय-हॅट, अर्ध्या मात्रेला एक, म्हणजे बारमध्ये आठ. सगळं एकदम वाजवायचा हट्ट धरू नका. थरावर थर चढवण्यासाठीच ही सोय आहे.

नवा ट्रॅक उघडा आणि बेसचा आवाज निवडा. इथेही खालचं सप्तक घ्या. चार बारांना चार स्वर: पहिल्याला सा, दुसऱ्याला ध, तिसऱ्याला म, चौथ्याला प. प्रत्येक बारमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजवा, म्हणजे बेस आणि किक एकत्र पडतील. हे दोन आवाज नेमके एकावर एक बसले की इतकं साधं काहीही भरीव वाटू लागतं. रचनेत जिथे जास्त वेळ घालवायचा ती जागा हीच.

तिसरा ट्रॅक कॉर्डचा. सप्तक पुन्हा मधलं करा आणि आधी दिलेले चार कॉर्ड त्याच क्रमाने, बारला एक, पूर्ण चार मात्रा धरून वाजवा. आवाज निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: संगणकाच्या कळेला किती जोराने दाबलं ते कळत नाही. हळू दाबा किंवा आपटा, स्वर तेवढाच येतो. पियानोचा आवाज त्यामुळे निर्जीव वाटतो. ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डमध्ये मुळातच बोटाच्या जोराने आवाज कमी-जास्त होत नाही, पेटीतही तो भात्याने होतो. त्यामुळे हे आवाज कीबोर्डवरूनही खरे वाटतात. कॉर्डसाठी ऑर्गन घ्या किंवा पॅड, म्हणजे संथ उमटून भरून राहणारा आवाज.

आता धून. चौथा ट्रॅक, बासरी किंवा तारेवर छेडल्यासारखा एखादा आवाज. स्वतःची सुचत असेल तर सगळ्यात छान. नसेल सुचत तर भूपाच्या स्वरांत ही घ्या: पहिल्या बारमध्ये ग दोन मात्रा, मग प, ग. दुसऱ्यात ध दोन मात्रा, मग प, ग. तिसऱ्यात तार सा दोन मात्रा, मग ध, प. चौथ्यात रे तीन मात्रा आणि एक मात्रा शांत. कळांच्या भाषेत ‘डी, जी, डी’, ‘एच, जी, डी’, ‘के, एच, जी’ आणि ‘एस’. प्रत्येक बारची सुरुवात त्या बारच्या कॉर्डमधल्याच स्वराने होते, म्हणून ती पक्की बसते. हा नियम धरून मधले स्वर बदला आणि तुमची चाल करा. शेवटची शांत मात्रा मात्र भरू नका. ती श्वासाची जागा आहे, तिच्यामुळेच लूप पुन्हा सुरू झाल्यावर ताजा वाटतो.

मागाहून करायची दुरुस्ती

आता माउस हातात घ्या. रेकॉर्ड केलेल्या तुकड्यावर दोनदा क्लिक केलं की स्वर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात, याला पियानो रोल म्हणतात. उंची म्हणजे सूर, लांबी म्हणजे काळ. चुकून दाबलेला स्वर पुसा, अर्धवट सुटलेला लांबवा.

क्वांटाइझ नावाची सोय पुढे-मागे पडलेले स्वर जवळच्या मात्राविभागावर ओढून बसवते. ठेका आणि बेस यांना ती पाव मात्रेच्या हिशोबाने लावा. धुनीला शक्यतो लावू नका. आणि लावायचीच तर जोर कमी करता येतो का ते बघा, निम्मा जोर पुरतो. किंचित मागे पडलेल्या स्वरात जो ठहराव असतो तो सगळं रेषेवर बसवल्यावर उरत नाही. एखादा स्वर कानाला खटकला तरच सरकवा, डोळ्यांना खटकला म्हणून नाही.

मग जोराचं काम, कारण कीबोर्डने ते केलेलं नाही. प्रत्येक स्वराला व्हेलॉसिटी म्हणजे आघाताचा जोर असतो, १ ते १२७ या आकड्यांत. कीबोर्डवरून वाजवलेल्या सगळ्या स्वरांना तो एकसारखा लागलेला असतो. हाय-हॅट एकाआड एक ९० आणि ६० करा. धुनीत बारचा पहिला स्वर १०५च्या आसपास ठेवा, बाकीचे ७५ ते ९०. एवढ्याने यंत्रवत वाटणारा ठेका झुलू लागतो. बदलाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ऐकून बघा, हे पाऊल का सोडायचं नाही ते लगेच कळेल.

शेवटी ट्रॅकचे आवाज जुळवा. सगळे खाली घ्या. आधी किक आणि बेस आणा, मग धून, आणि कॉर्ड सगळ्यात शेवटी, ऐकू येतील न येतील इतपत.

मध्येच अडलं तर

एखादा स्वर सुरू होऊन थांबतच नसेल तर तुम्ही कळ धरून ठेवलेली असताना दुसऱ्या टॅबवर गेला असाल. कळ सुटल्याचा निरोप पहिल्या पानाला मिळालेला नसतो. परत या आणि तीच कळ एकदा दाबून सोडा. कंट्रोलच्या कळेपासून बोटं लांब ठेवा, कारण कंट्रोल आणि ‘डब्ल्यू’ मिळून टॅब बंद होतो आणि ‘डब्ल्यू’ तर आपला कोमल रे आहे. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची (कळ धरून न ठेवता वापरायच्या सोयीची) खिडकी उघडते. शिफ्टवाली मांडणी वापरणार असाल तर ती सोय सेटिंगमधून आधी बंद करा. आवाज तडतडू लागला तर बाकीचे टॅब बंद करा आणि प्रतिध्वनीचे परिणाम कमी करा.

फाइल काढणं

काम संपल्यावर दोन प्रती काढा. वेव्ह प्रकारची फाइल पूर्ण दर्जाची असते, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला स्टिरिओत मिनिटाला सुमारे १० एमबी. पुढे कधी त्यावर काम करायचं असेल तर ती हवीच. कुणाला पाठवायला एमपीथ्री, जी १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी होते. मिडी फाइल काढायची सोय असेल तर तीही घ्या. तिच्यात आवाज नसतो, फक्त कुठला स्वर कधी आणि किती जोराने वाजला एवढंच असतं, त्यामुळे उद्या दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये तीच रचना वेगळ्या वाद्यांवर वाजवता येते.

लिहून वाजवायचं असेल तर

कीबोर्डने संगीत करायची एक अगदी वेगळी वाटही आहे. ‘स्ट्रुडेल’ या मोफत साइटवर कळा स्वर देत नाहीत. तुम्ही ठेक्याचे बोल ओळीत टाइप करता, कंट्रोल आणि एंटर दाबता आणि ते फिरू लागतात. चार बोल लिहिले तर आवर्तनाचे चार समान भाग होतात, पाच लिहिले तर पाच. चालू असतानाच एखादा बोल बदलून पुन्हा कंट्रोल-एंटर केलं की ठेका न थांबता बदलतो. थांबवायला कंट्रोल आणि पूर्णविराम. ॲलेक्स मॅकलीन यांच्या ‘टायडलसायकल्स’वरून फेलिक्स रूस आणि मॅकलीन यांनी २०२२मध्ये हे ब्राउझरसाठी आणलं. लयकारीची आवड असणाऱ्याने हे जरूर बघावं. एका आवर्तनात तीन आणि चारचे भाग एकमेकांवर ठेवून ऐकणं इथे एका ओळीचं काम आहे.

पुढे पट्ट्यांचा कीबोर्ड जोडताना

हलक्या-जोरकस वादनाची गरज भासू लागली की मिडी कीबोर्डचा विचार करा, त्याआधी नको. २५ पट्ट्यांचा छोटाही चालतो. घेताना दाब ओळखणाऱ्या पट्ट्या आहेत ना, एवढं नक्की विचारा. यूएसबीने जोडलेला मिडी कीबोर्ड क्रोममध्ये २०१५पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२२च्या अखेरीपासून थेट चालतो. ॲपलच्या सफारीत ही सोय नाही, त्यामुळे मॅकवर असाल तर यासाठी क्रोम किंवा फायरफॉक्स वापरा. कीबोर्ड आधी जोडा, पान नंतर उघडा आणि ब्राउझर मिडीची परवानगी मागेल तेव्हा ती द्या. चुकून नाकारली गेली तर साइटच्या पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ती पुन्हा देता येते. मग पान एकदा ताजं करायचं.